ऐकीव गाभारा

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर अर्धंच ऐकू येईल, उरलेलं अर्धं तुम्ही आपल्या मनानं भराल, आणि आज जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात घात झाला तो असाच. फोन उपडे ठेवा. एका देवळाची गोष्ट सांगते. देऊळ आपल्या देवाचं नाही, चर्च आहे, आणि आहे तेही हॅरो क्रीक नावाच्या मेंढरांच्या गावात. पण ऐकलीत तर तुमचंही रक्त तापेल.

रागानं सांगणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. कीर्तनात राग शोभत नाही, असं माझे वडील म्हणायचे. पण हे कीर्तन नव्हे आणि मी बुवा नव्हे. मी सुलेखा, साधी फार्मसिस्ट. माझं घर न्यूझीलंडमध्ये, शहरातल्या रिकार्टन भागात, आणि दर मंगळवारी-गुरुवारी तासभर गाडी चालवून मी उत्तरेला हॅरो क्रीकच्या औषधाच्या दुकानात जाते. गावात एक शाळा, एक पब, एक डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान, आमचं दुकान आणि हे सेंट ऑस्वल्डचं चर्च. एवढंच गाव.

गोळ्या मोजताना मला गुणगुणायची सवय आहे. साताऱ्यात लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून जेवढी कीर्तनं ऐकली, ती सगळी माझ्या अंगात अजून चालू असतात. एकदा काउंटरपलीकडून आवाज आला, "सू, हे काय म्हणतेस तू?"

सू म्हणजे मी. आणि म्हणणारी ॲग्नेस टली, वय आता अठ्ठ्याऐंशी, लग्न केलं नाही, गावातल्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवली, रक्तदाबाची गोळी रोज एक. चर्चच्या किल्ल्या लोकरीच्या दोऱ्यात ओवून गळ्यात.

"देवाचं गाणं आहे," मी म्हटलं.

"मग औषधांच्या बाटल्यांना काय ऐकवतेस? माझ्या चर्चमध्ये येऊन म्हण. तिथे आवाज वाया जात नाही."

गेले. दुपारच्या सुट्टीत गेले आणि दारातच थबकले. न्यूझीलंडमध्ये चर्चं पुष्कळ पाहिली होती, लाकडी, टोकदार, आकाशाला टोचणारी. हे तसं नव्हतंच. बसक्या अंगाचं, काळ्या दगडाचं, भिंती दोन-दोन हात जाड. खिडक्या अरुंद आणि वरून गोल, त्यांच्या कडेनं ओमारूच्या पांढऱ्या दगडाची किनार. मला आपली हेमाडपंती देवळं आठवली. ती चुन्याशिवाय रचलेली, त्यांत कमान नाही, आणि हे सगळं कमानीवरच उभं. पण जमिनीत पाय रोवून बसण्याची रीत तीच.

ॲग्नेसनं मला शाळेतल्यासारखं शिकवलं. या पद्धतीला रोमनेस्क म्हणतात. युरोपात नऊशे वर्षांपूर्वीचे गवंडी असंच बांधायचे. गोल कमान आपलं वजन आडवं ढकलते, म्हणून तिला पेलायला भिंत जाड लागते, आणि भिंत जाड म्हणून खिडकी लहान. इथे अठराशे त्र्याण्णव साली बाकीचे सगळे टोकदार कमानी उठवत होते, पण गावचा पहिला पाद्री इंग्लंडच्या उत्तरेकडचा. त्याच्या गावी असंच एक जुनं देऊळ होतं. तो म्हणाला, बांधायचं तर असंच, नाहीतर मी तंबूत प्रार्थना घेईन. खांबांची डोकी उशी दाबून बसवावी तशी फुगीर. मधल्या मोठ्या कमानीला करवतीच्या दातांसारखी नक्षी. बाहेर वळचणीखाली दगडी मुंडकी: मेंढी, कुत्रा, किआ पोपट, आणि एक कपाळाला आठ्या घातलेला माणूस.

"हा पाद्रीच," ॲग्नेस म्हणाली. "पैसे वेळेवर देत नव्हता म्हणून पाथरवटांनी त्याला पावसात टांगून ठेवला."

आणि पूर्वेच्या टोकाला गाभारा. त्याला ॲप्स म्हणतात. अर्धगोल भिंत आणि तिच्यावर अर्धा घुमट, जसं एखादं मोठं भांडं उभं चिरून भिंतीला लावावं. त्या कमानीखाली उभी राहून मी एक ओळ म्हटली. साधी, एकाच सुरात. ती ओळ घुमटात गेली आणि गोल होऊन माझ्याकडे परत आली. दगड थंड होता, आवाज मात्र ऊबदार होऊन आला. माझे डोळे भरले. ॲग्नेस म्हणाली, "हो. सगळ्यांचंच असं होतं. रुमाल बाकाखाली आहेत."

त्याच वर्षी सांगलीचे अनिरुद्धबुवा इकडे आले होते. ऑकलंडला पापाटोएटोत त्यांचं कीर्तन स्पीकर लावून झालं, आणि तो स्पीकर मधूनमधून शिट्टी मारत होता. मी म्हटलं, बुवा, आमच्याकडे एक जागा आहे. पाद्रीबाईंची आणि ॲग्नेसची परवानगी घेऊन शनिवारी दुपारी कीर्तन ठेवलं. बुवांनी दारातच वहाणा काढल्या, वेदीला दुरून हात जोडले आणि कमानीच्या अलीकडे उभे राहिले. पलीकडची जागा त्यांची, म्हणाले. ते पाहून ॲग्नेसनंही बूट काढले आणि लोकरीच्या मोज्यांत पहिल्या रांगेत बसली. बुवांबरोबर झीलकरी कोणी नव्हते, मागे उभं राहून ओळ उचलणारं कोणी नव्हतं. पहिलं ध्रुपद म्हणून ते थांबले, आणि गाभाऱ्यानं ती ओळ उचलली. बुवा हसले. "घ्या," म्हणाले, "इथे झील धरणारा आधीपासून उभा आहे."

त्या दिवशी खुर्च्या मांडायला शार्दूल होता. शार्दूल पुण्याहून शिकायला आला तेव्हा आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा. दोन वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवला. त्याच्या लग्नात मी मुलाकडच्या बायकांत पुढे उभी होते. आता तो स्ट्रक्चरल इंजिनिअर, शिवाय आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. गुणी मुलगा. हे मी आजही म्हणते, दात-ओठ खात म्हणते.

कीर्तनानंतर वर्षाच्या आत चर्चच्या दारावर नोटीस आली: भूकंपात धोकादायक. इथे कायदा आहे, जुन्या इमारतीला नव्या इमारतीच्या तुलनेत शंभरपैकी मार्क देतात, आणि चौतीसच्या खाली गेलात की धोकादायक. चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्टनं इंजिनिअर नेमला. नेमला तो शार्दूल. मी देवापुढे दिवा लावला. म्हटलं, आपलाच मुलगा आहे, त्यानं तिथे कीर्तन ऐकलंय, त्याला कळेल.

त्यानं गाभाऱ्याला चौदा मार्क दिले.

कारण काय? अठराशे त्र्याण्णवच्या नकाशात गाभाऱ्याची भिंत पोकळ दाखवली होती. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, मध्ये खडी-माती भरलेली. असली भिंत हादऱ्यात फुटते आणि घुमट खाली येतो. म्हणून ट्रस्टनं ठरवलं की गाभारा पाडायचा, मोठी कमान हलक्या पत्र्यानं बुजवायची, आणि त्यावर टांगायचा प्रोजेक्टरचा पडदा. पडदा! नऊशे वर्षांची विद्या काढून तिथे पडदा.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. ट्रस्टच्या चेअरमननी स्लाइड दाखवल्या. मग ॲग्नेस उठली. काठी टेकून उभी राहिली आणि आपल्या जुन्या वर्गाला सांगावं तसं सांगू लागली.

"एकोणीसशे बावीस साली नाताळच्या दिवशी भूकंप झाला आणि हा घुमट तडकला. माझे वडील कॉलिन टली या गावचे गवंडी. त्यांनी पुढच्या वर्षी सबंध गाभारा उतरवला आणि पुन्हा बांधला. भिंतीतली खडी काढून टाकली. घुमटाच्या बुडाशी काँक्रीटचा पट्टा ओतला, आणि त्या पट्ट्यात रेल्वेचे जुने रूळ आपल्या भट्टीत वाकवून घातले. त्यांची टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतींत खोल नेली. चर्चच्या लोकांना काँक्रीट नको होतं, देवाच्या घरात दगडच हवा होता. म्हणून वडिलांनी वरून दगड लावला आणि तोंड बंद ठेवलं. घरी जेवताना आम्हाला सांगायचे."

चेअरमन हसले. "थँक यू, ॲग्नेस. लव्हली स्टोरी."

शार्दूल नम्रपणे म्हणाला, "याचा काही कागद आहे का, मिस टली? नकाशा, पावती, फोटो?"

"नाही. माझ्या वडिलांनी सांगितलं."

"मग रिपोर्टच्या हिशेबात ती ऐकीव माहितीच ठरते. सॉरी."

ऐकीव! अहो, माझा सगळा धर्म ऐकीव आहे. माझ्या वडिलांनी एक पोथी उघडून वाचली नाही, त्यांना जे येत होतं ते कानानं आलं. शेकडो वर्षं एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उचलायचं, असंच आपल्याकडे सगळं टिकलं. आणि त्याच परंपरेतला मुलगा, माझ्या हातचं जेवलेला मुलगा, एका म्हातारीला भर सभेत सांगतो की तुझ्या बापाचे शब्द ऐकीव आहेत म्हणून मोजायचे नाहीत. कागदावर रेघ ओढणाऱ्याचं खरं, आणि भट्टीत रूळ वाकवणाऱ्याचं खोटं?

हे सगळं मला त्या क्षणी आतून उसळून आलं. आणि मी काय केलं? तिसऱ्या रांगेत बसून राहिले.

का, ते सांगते. भर कीर्तनात बुवा चुकले, आख्यानात एका राजाचं नाव दुसऱ्याला लावलं, तर कोणी उठून उभं राहायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. कीर्तन संपलं की पाया पडायला जायचं आणि वाकता वाकता हळूच कानात सांगायचं. माणसाचा मान राहतो, चूकही दुरुस्त होते, आणि दुसऱ्या दिवशी बुवा ते बरोबर सांगतात. मी तेच केलं. आपल्या माणसाला चारचौघांत, गोऱ्या लोकांसमोर, खाली बघायला लावायचं नाही. रविवारी त्याला घरी बोलावलं आणि पोहे केले.

"शार्दूल, भिंतीला एक भोक पाडून बघितलंस का रे?"

"ते स्कोपमध्ये नाहीये, काकू."

"म्हणजे?"

"म्हणजे ट्रस्टनं मला कागदांवरून अंदाज द्यायला सांगितलंय. भोक पाडायचं तर वेगळी परवानगी, वेगळं काम."

"तू शिडी लावून वर तरी गेलास?"

"ड्रोननं फोटो घेतलेत ना. एकदम क्लिअर."

"ड्रोनला भिंतीच्या पोटातलं दिसतं?"

तो हसला. "काकू, तुम्ही इंजिनिअर व्हायला हवं होतंत. लिंबू आहे का अजून?"

लिंबू दिलं. म्हटलं, "ती बाई खोटं बोलणारी नाही."

"खोटं कोण म्हणतंय? पण उद्या तो घुमट खाली आला आणि खाली माणसं असली तर? सही माझी आहे. दोन हजार अकराच्या भूकंपात मी इथे नव्हतो, काकू. तुम्ही होतात."

मी होते. त्या दिवशी शहरात मी काय पाहिलं ते मी कोणाला सांगत नाही, आणि सही करताना त्याचा हात जड होतो हे मला समजतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, "भीती वाटते ना, मग जाऊन बघ. न बघता पाडू नकोस."

"बघतो, काकू. स्वीट ॲज, काळजी नको. मुदतीला हीप्स ऑफ टाइम आहे."

हरकती नोंदवायला वीस दिवस होते. ॲग्नेसचा फोन आला. "सू, तू लिहिलंस का?"

"मी त्याच्याशी बोललेय," मी सांगितलं. "तो आमच्या घरातला आहे. बघतो म्हणालाय."

मग ती म्हणाली, "बरं."

विसावा दिवस गेला. हरकत एकच आली होती, ॲग्नेसची, हातानं लिहिलेली, चार पानं. मी शार्दूलला फोन लावला, तेव्हा तो गाडीत होता.

"काकू, रिपोर्ट तर सभेच्या आधीच गेला होता."

"मग बघतो म्हणालास ते?"

"बघितलं ना मी. बॉसला विचारलं. तो म्हणाला, एका आजीबाईच्या आठवणीवर फाइल पुन्हा उघडत नाहीत. पण तुम्ही ऑफिशियली लिहिलं असतंत, अजून दहा जणांनी लिहिलं असतं, तर मला भोक पाडायला कारण मिळालं असतं. मंडळाचे साठ जण होते त्या कीर्तनाला. एक कागद आला नाही. मला वाटलं, तुम्हाला पटलंय."

मी फोन ओट्यावर उपडा ठेवला. साठ जण! मंडळातली विनया होती, समीर होता, सगळे रडले होते त्या दिवशी, आणि गाभारा पाडायचं ठरल्यावर मला म्हणाले होते, सुलेखाताई, शार्दूलच आहे ना तिथे, मग आपण कशाला मध्ये पडायचं? त्याला ऑकवर्ड होईल. आणि मी मान हलवली होती.

मे महिन्यात मशीन आलं. इथला मे म्हणजे पानगळ, पॉपलरची झाडं पिवळी झाली होती. यंत्र चालवणारा टामा नावाचा मोठा, शांत माओरी माणूस. आत जाण्याआधी त्यानं चर्चसमोर उभं राहून डोळे मिटून काहीतरी म्हटलं. मग मला म्हणाला, "किआ ओरा, आंटी. एका दिवसाचं काम आहे, मग तुमचा रस्ता मोकळा." ॲग्नेस कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर ब्लँकेट. मी दुकानातून रजा घेतली होती.

घुमटाचे पांढरे दगड सकाळीच उतरले. मला बघवत नव्हतं, पण ॲग्नेस बघत होती म्हणून मीही बघितलं. दुपारी यंत्राचा पंजा घुमटाच्या बुडाशी लागला आणि असा आवाज झाला की शाळेतली मुलं बाहेर आली. टामानं पुन्हा मारलं. पंजाचा एक दात तुटून गवतात पडला.

दुसऱ्या दिवशी फोडायचं यंत्र आणलं. संध्याकाळपर्यंत हातभर जागा फुटली. तिसऱ्या दिवशी गॅसनं लोखंड कापायला माणूस आला. तोवर सगळं उघडं पडलं होतं. वीतभर नव्हे, कोपरापासून बोटांपर्यंत जाड काँक्रीटचा पट्टा, अर्ध्या वर्तुळात अखंड, एकही तडा नाही. त्याच्यात दोन रूळ, गाभाऱ्याच्या गोलाईबरोबर वाकवलेले, आणि टोकं दोन्ही भिंतींत पुरुषभर आत गेलेली. भिंतीत खडी नव्हती. दगडाला दगड, चुन्यात बसवलेला. दोन हजार दहाचा भूकंप, अकराचा, सोळाचा, सगळे याच्या अंगावरून गेले होते.

टामानं इंजिन बंद केलं. खाली उतरून ॲग्नेससमोर आला आणि हेल्मेट काढलं.

"मॅम, भूकंपानंतर मी शहरात दोन वर्षं इमारती पाडल्यात. पडणारी कशी असते ते मला माहीत आहे. ही पडणारी नव्हती. कोणी बांधली?"

"माझ्या वडिलांनी."

"चांगलं काम," टामा म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

शार्दूल तिथेच होता. ट्रस्टचे चेअरमन होते, निम्मं गाव होतं. तो त्या रुळाकडे बघत होता, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. आणि मग जे मी सभेत करायला हवं होतं ते केलं. मराठीत ओरडले, कारण राग मला दुसऱ्या भाषेत येत नाही.

"शार्दूल! खाली काय बघतोस? वर बघ! ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई उभी राहून तुला सांगत होती, आणि तू तिच्याकडे पावती मागितलीस! बापानं जेवताना सांगितलेल्या गोष्टीची पावती! आणि मी, मी मूर्खासारखी तुझ्या बशीत पोहे वाढत बसले! जा, तिच्यासमोर जा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल!"

लोकांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. शार्दूल गेला. ॲग्नेसच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसला आणि इंग्रजीत, मोठ्यानं म्हणाला, "तुमचं खरं होतं. मी भिंत उघडून बघितली नाही. चूक माझी आहे."

शाळेत किती मुलांनी तिच्यासमोर असं कबूल केलं असेल! ॲग्नेस म्हणाली, "हे लिहून दे, बाळा. सही कर. तोंडी दिलेलं तुमच्यात चालत नाही ना?"

त्यानं लिहून दिलं. दोन पानं, सहीसकट. नोकरीवर बेतेल म्हणून त्याच्या बायकोनं नको म्हटलं, तरी दिलं. तेवढ्यापुरता मी त्याला मान देते. पण परत काही जोडता येण्यासारखं उरलं नव्हतं. भिंती दोन्हीकडून फुटल्या होत्या. चौथ्या दिवशी उरलेलंही उतरवलं. आणि ट्रस्टनं पुढच्या महिन्यात गावात जे पत्रक वाटलं त्यात छापलं, "धोकादायक ॲप्स सुरक्षितपणे हटवण्यात आला." धोकादायक! शार्दूलची दोन पानं त्यांनी फाइलला लावली. मी ट्रस्टला सात पत्रं लिहिलीत, या खेपेला इंग्रजीत आणि मुदतीत. उत्तर येतं, "आपल्या भावनांची नोंद घेतली." अहो, भावना नाही, लोखंड होतं ते!

पडदा लागलाय तिथे आता. मी एकदा आत जाऊन एक ओळ म्हटली. पत्र्याला लागून खाली पडली.

शार्दूल रविवारी अजून येतो. मी वाढते. तो मान वर करत नाही, मीही फार बोलत नाही. मला त्याचा राग येतो, आणि त्याला वाढताना स्वतःचा त्याहून जास्त येतो. भर सभेत उठायला हवं होतं. कानात सांगायची रीत बुवांसाठी असते, पाडायला निघालेल्यांसाठी नसते, हे मला या वयात कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या बापानं दिली.

ॲग्नेस गोळ्या न्यायला येते. गेल्या गुरुवारी म्हणाली, "सू, माझ्या वडिलांना एकदा तरी शाबासकी मिळाली. ती मिळावी म्हणून त्यांचं काम पाडावं लागलं, एवढंच." मी बाटलीचं झाकण लावत राहिले. ते काही केल्या लागेना.

तर मंडळी, तुमच्याकडे एवढंच मागते. त्या चर्चमध्ये ॲग्नेसच्या वडिलांचं नाव कुठे कोरलेलं नाही, नकाशावर नाही, पत्रकात नाही. तुम्ही आत्ता ऐकलंत, तेवढंच आहे. घरी गेल्यावर कोणाला तरी सांगा, मोठ्यानं सांगा, की कॉलिन टली नावाचा एक गवंडी होता, हॅरो क्रीकचा, आणि त्याचं काम मजबूत होतं. त्यांची आठवण ठेवा.